हॉलंडचे ट्यूलिप कंद, २० नगांचा डबा: चोपड्याच्या गच्चीवरचे दोन हिवाळे

आधी हिशेब सांगते, कारण मी स्वतः काही विकत घेताना लोकांचा हिशेबच आधी वाचते. डब्यात कंद २०. किंमत घरपोच १,३५० रुपये. एक कंद निळसर बुरशी धरलेला निघाला, तो टाकला. उगवले १९, फुलले १७. एकेक फूल सहा ते आठ दिवस टिकलं. हा दुसऱ्या हिवाळ्याचा हिशेब. पहिल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका ऑनलाइन दुकानातून तेवढेच कंद मागवले होते आणि त्यातला एकही फुलला नाही. दोन्ही अनुभव लिहिते, म्हणजे आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या हवेत कोणाला ही हौस करायची असेल तर त्यांचे पैसे वाया जाणार नाहीत.

हौस लागली ती हॉलंडला. आमची लेक वॅगनिंगेनच्या विद्यापीठात पीकरोगांचा अभ्यास करते. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो. हे आणि मी, दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर. तिने लिसे गावचं कोयकेनहॉफ दाखवलं. ३२ हेक्टरांची बाग, दर वर्षी ७० लाखांच्या आसपास कंद हाताने लावतात, आणि एवढं करून बाग उघडी असते फक्त आठ आठवडे, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत. १९५० पासून हे चालू आहे. बाग सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण आम्ही दोघं जास्त वेळ उभे राहिलो ते बागेच्या बाहेर, शेतांच्या बांधावर.

तिथे एक यंत्र ओळीवरून चाललं होतं आणि उमललेल्या फुलांची डोकी छाटत होतं. लाल, टवटवीत फुलं खाली सरीत पडत होती. माझ्या तोंडून "अरे अरे" निघालं. हे मात्र शांतपणे म्हणाले, "आपण केळफूल तोडतो तसंच आहे हे." आणि खरंच तसंच होतं. केळ निसवली, शेवटची फणी सुटली, की आपण खालचं केळफूल तोडून टाकतो, जोर घडाला मिळावा म्हणून. तिथल्या त्या शेतकऱ्याला फूल नको असतं, त्याला कंद पोसायचा असतो. जगभर विकला जातो तो कंद. आपण फोटोत बघतो ते रंगांचे पट्टे त्याच्यासाठी फक्त तपासणीचे दिवस असतात. कोणत्या ओळीत भेसळ आहे, कोणतं झाड रोगट आहे, हे फूल उमलल्यावरच कळतं. ते बघून झालं की फूल छाटायचं.

त्या बांधावर मला पहिल्यांदा वाटलं की या लोकांचं आणि या फुलाचं नातं नुसतं शोभेचं नाही. ट्यूलिप मुळात हॉलंडचं नाहीच. मध्य आशियाच्या डोंगरांतलं रानफूल, तुर्कांच्या बागांत वाढलेलं. नावसुद्धा पागोट्यासाठीच्या तुर्की शब्दावरून युरोपात पडलं. उलटं धरलं तर खरंच बांधलेल्या फेट्यासारखं दिसतं. लायडन विद्यापीठाच्या वनस्पती बागेत कॅरोलस क्लुसियस नावाच्या अभ्यासकाने १५९३ मध्ये कंद लावले आणि १५९४ च्या वसंतात ते फुलले, तिथून डच लोकांची ट्यूलिपची गोष्ट सांगतात. चारशेहून जास्त वर्षं झाली. आता कोणी हॉलंड म्हटलं की डोळ्यासमोर तेच येतं. आपली केळी तरी कुठे मूळची चोपड्याची? आपण लावतो ती ग्रँड नैन बाहेरून आलेली जात. तरी २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या दिवशी आमच्या घरी पेढे आणले होते. जे पीक पिढ्यान् पिढ्या सांभाळलं ते आपलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता कंदांचं.

परत आल्यावर ऑगस्टमध्ये पहिला डबा मागवला. दुकानाचं नाव घेत नाही. डब्यावर सुंदर चित्र, आत कागदी पिशवीत कंद, आणि इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी: लावा, पाणी द्या, उन्हात ठेवा. थंडीचा एक शब्द नाही. लेकीला फोटो पाठवला, तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "आई, याला आधी बारा ते सोळा आठवडे थंडी लागते, नाहीतर फूल वर येतच नाही." ती थंडी साधारण दोन ते नऊ अंशांची. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, पण दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस. म्हणजे जमिनीत थंडी मुरतच नाही.

आमच्या पुतण्याचं केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे, शेजारी एक थंड खोली. तो म्हणाला, "काकू, ठेवा की आमच्या खोलीत, एक कोपरा देतो." मला वाटलं, झालं काम. तीन महिने कंद तिथे ठेवले. डिसेंबरात काढून कुंड्यांत लावले. पानं आली, चांगली रुंद, निळसर हिरवी. मधे कागदासारखी सुकलेली एक पांढुरकी चिमूट. फूल नाही. २० पैकी २० तसेच.

दोन कंद उपटून विळीवर उभे चिरले. खालच्या चकतीजवळ फुलाची जागा होती, पण ती करपून गेलेली. मग लेकीने समजावलं. ट्यूलिपचा कंद विकायला येतो तेव्हा त्याच्या पोटात पूर्ण फूल तयार असतं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, तो त्या कोवळ्या फुलाला मारतो. म्हणून तिकडे कंदाशेजारी सफरचंदसुद्धा ठेवत नाहीत. आणि मी ठेवले होते थेट केळीच्या वखारीत, जिथे इथिलीन मुद्दाम सोडतात. शिवाय ती खोली तेरा-चौदा अंशांवर चालते, केळी त्याखाली काळी पडते म्हणून. कंदाला ती थंडीही पुरली नव्हती. चूक माझी होती. पण डब्यावर दोन ओळी जास्त छापल्या असत्या तर मी ती केली नसती. म्हणून त्या पहिल्या डब्याला माझ्याकडून पाचपैकी एक.

दुसऱ्या वर्षी नीट चौकशी केली. फोन करून विचारलं, कंद थंडी दिलेले आहेत का. ज्याने "आधीच थंड करून डिसेंबरातच पाठवतो, ऑगस्टात मागितले तरी देणार नाही" असं सांगितलं त्याच्याकडून घेतले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. प्रत्येक कंद वेगळा, लाकडाच्या भुश्शात. कंदाचा आकार घेरावर मोजतात, १२ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा तो चांगला. शिवणाच्या टेपने सगळे मोजले. सतरा साडेबारा-तेरा भरले, तीन अकराच्या आत. न फुललेले दोन या तिनांतलेच होते. दुकानदाराने डब्यावर १२ छापून अकराचे घातले, हे मला पटलं नाही, आणि मी तसं कळवलं. बुरशीच्या एका कंदाचे पैसे त्याने न मागता परत केले, तेही इथे लिहिलंच पाहिजे.

ओट्यावर कंद पसरून बसले होते तर सासूबाई आल्या. एक उचलला, हातात फिरवला, तपकिरी साल नखाने सोलली. "हाई कोन्ता कांदा शे वं?" मी म्हटलं, फुलाचा आहे, विलायतेहून आलाय. त्यांनी वास घेतला आणि खाली ठेवला. "वास नही येत."

त्यांचा प्रश्न ऐकून मला लेकीने सांगितलेलं आठवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाचं धान्य तोडलं. लोक त्याला भुकेचा हिवाळा म्हणतात. वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या हिवाळ्यात लोकांनी हे ट्यूलिपचे कंद खाल्ले. मधला पिवळा गाभा विषारी, तो काढून टाकायचा आणि बाकीचं उकडायचं, अशा सूचना तेव्हा दिल्या जात होत्या. आणि त्याच १९४५ च्या शरद ऋतूत, हॉलंडच्या राजकन्या युलियाना यांनी कॅनडातल्या ओटावाला एक लाख कंद भेट पाठवले, कारण युद्धाच्या काळात त्यांना मुलींसह तिथे आसरा मिळाला होता. ज्याने उपाशी पोटं भरली तेच उपकार फेडायला पाठवलं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बहात्तरचा दुष्काळ त्यांनी पाहिलाय. मग तो ठेवलेला कंद त्यांनी पुन्हा उचलला आणि स्वतःच्या हाताने कुंडीत लावला.

लावणीबद्दल एकच महत्त्वाचं. आपली तापीकाठची काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. हॉलंडला कंदांचा जो मुलूख आहे तो समुद्राच्या वाळूच्या टेकड्यांमागचा, हलक्या रेताड जमिनीचा. मी अनेर नदीची रेती दोन घमेली, कुजलेलं शेणखत एक घमेलं असं मिसळलं. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट खोल, टोक वर. कुंड्या गच्चीच्या पूर्वेला, सकाळी दोन तास ऊन, दुपारी सावली. पाणी दिवसाआड, तेही थोडं.

लावल्यावर सहाव्या आठवड्यात, जानेवारीच्या शेवटी, पहिली कळी रंगली. आधी पूर्ण हिरवी असते, मग शिरांतून पिवळा रंग चढायला लागतो, जसा घडाच्या वरच्या फणीवर चढतो. ही जात स्ट्राँग गोल्ड, हळदीसारखी दाट पिवळी. सकाळी घट्ट मिटलेली, दहा वाजता पेला, बारा वाजता पार उघडी, संध्याकाळी पुन्हा मिटलेली. सहा पाकळ्या, मधे सहा केसर. थंडीत हळूच उघडणारं फूल आपल्या तीस अंशांत दुपारी अगदी सपाट होतं. त्याने आयुष्य कमी होतं. म्हणून मी तिसऱ्या दिवसापासून दुपारी कुंड्या जिन्याखाली नेत होते. कापून पाण्यात ठेवलेलं फूलसुद्धा वाढत राहतं, देठ लांबतो आणि उजेडाकडे वळतो. सकाळी बैठकीत सरळ ठेवलेली तीन फुलं दुसऱ्या दिवशी खिडकीकडे मान वळवून उभी.

लेकीच्या शेजारणीकडे मी हे बघितलं होतं. शनिवारच्या बाजारातून दहाची एक जुडी, कागदात गुंडाळलेली, भाजीच्या पिशवीत पालेभाजीबरोबर. घरी येऊन साध्या बरणीत. सण नाही, पाहुणे नाहीत. दर आठवड्याला. आपल्याकडे देवाला झेंडूचा हार येतो तसं, तिकडे खिडकीला ट्यूलिप. जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी अ‍ॅमस्टरडॅमला राष्ट्रीय ट्यूलिप दिवस असतो. भर चौकात दोन लाख फुलांची बाग मांडतात आणि लोक येऊन फुकट खुडून नेतात. कापायच्या फुलांचा हंगाम सुरू झाल्याची ती वर्दी. मला हे कोयकेनहॉफपेक्षाही जास्त आवडलं. पिकवणाऱ्याने पहिलं फूल गावाला द्यायचं.

लोक ट्यूलिप म्हटलं की सतराव्या शतकातलं हॉलंडचं ते वेड सांगतात, एका कंदाला घराची किंमत. ते खोटं नाही. सेम्पर ऑगस्टस नावाच्या जातीला दहा हजार गिल्डर (तिथलं तेव्हाचं चलन) सांगितले जात, तेवढ्यात अ‍ॅमस्टरडॅमला कालव्याकाठी चांगलं घर येई. कंद जमिनीत असतानाच खानावळींत बसून कागदावर सौदे होत, ज्याला ते लोक वाऱ्याचा व्यापार म्हणत. फेब्रुवारी १६३७ मध्ये हारलेमला गिऱ्हाईकच आलं नाही आणि भाव कोसळला. पण देश बुडाला वगैरे जे सांगतात ते वाढवून सांगितलेलं आहे, असं अभ्यासकांनी जुन्या नोंदी पाहून दाखवलंय. झळ बसली ती मर्यादित लोकांना.

मला त्या गोष्टीत धरून ठेवणारा भाग वेगळा. सेम्पर ऑगस्टसच्या पांढऱ्या पाकळीवर लाल ज्वाळा होत्या. त्या ज्वाळा कशामुळे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. १९२८ मध्ये डोरोथी केली या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञ बाईंच्या कामातून कळलं की हा संसर्ग आहे. विषाणू. तो पसरवतो मावा, झाडाचा रस शोषणारी बारीक कीड.

मावा! हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्या केळीवरचा हरण्या, तोही विषाणूच, आणि तोही मावाच आणतो. त्या वर्षी आमच्या नव्या बागेतली साडेतीनशे रोपं उपटून खड्ड्यात पुरली होती. पानावर पिवळ्या रेघा, मधली पोंगेरी सडलेली. रेघा दिसायला सुरेखही वाटतात, आणि त्याच रेघा बघून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि चारशे वर्षांपूर्वी एका देशाने अशाच आजारी रेघांना सगळ्यात जास्त किंमत दिली. रोगाने कंद दर पिढीला दुबळा होत जायचा, म्हणून ती जात वाढवता येईना, म्हणूनच ती दुर्मीळ आणि महाग. सेम्पर ऑगस्टस आज शिल्लक नाही.

आज तिकडे वसंतात माणसं ओळीओळीने फक्त रोगी झाडं शोधत फिरतात. त्या कामाला वेगळं नावच आहे, झीकझूकर, रोगी शोधणारा. पट्ट्यापट्ट्यांचं ट्यूलिप आता मिळतं, पण त्याचे पट्टे जातीचे, रोगाचे नाहीत. लेक म्हणाली, "अप्पा, तुम्ही सकाळी बागेत चक्कर मारून एकेक पान बघता ना, तेच." हे काही बोलले नाहीत, पण परत आल्यापासून कडेला काकडी-टोमॅटो लावू देत नाहीत, विषाणू आणि मावा दोन्ही तिथे वस्ती करतात म्हणून.

आता घेणाऱ्यांसाठी थोडं सावधपणाचं. ऑनलाइन "ट्यूलिपचं बी" म्हणून पुड्या विकतात, घेऊ नका. बियापासून फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात, तीही थंड मुलखात. निळ्याशार ट्यूलिपचे फोटो टाकतात, तसा निळा ट्यूलिप नाही. काळा म्हणून विकतात ती क्वीन ऑफ नाइट, ती गडद जांभळट, पिकल्या जांभळाच्या सालीसारखी. सुंदर आहे, पण काळी नाही. आणि "दर वर्षी फुलेल" असं कोणी सांगितलं तर आपल्या खानदेशात ते होणार नाही. मार्चच्या उन्हाने पानं महिन्याभरात वाळली. मी कंद उकरले तर मूळ कंद संपलेला आणि त्याच्या जागी लसणाच्या पाकळीएवढ्या दोन-तीन कुड्या. त्यांना पोसायला लांब, थंड वसंत हवा, तो आपल्याकडे नाही. दिल्लीत शांतिपथावर ट्यूलिप फुलतात तेही बाहेरून आणलेले कंद लावून, फेब्रुवारीपुरते. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी २००७ पासून मोठी बाग आहे, तिथली हवा याला मानवते. ज्यांना फक्त बघायचेत त्यांनी एप्रिलमध्ये तिकडे जावं.

म्हणजे १,३५० रुपयांत तुम्ही एका हिवाळ्यातली दोन-अडीच आठवड्यांची फुलं घेताय. मला ते महाग वाटलं नाही. गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी ती मिटताना बघायला वर येत होती. शाळेच्या बाई चौथीचा वर्ग घेऊन आल्या. पण घेताना हे माहीत असावं, आणि विकणाऱ्याने सांगावं. दुसऱ्या डब्याला पाचपैकी साडेतीन: थंडी नीट दिलेली, बांधणी चांगली, व्यवहार सरळ. दीड गुण कापला तो तीन लहान कंदांसाठी आणि मराठीत माहितीपत्रक नसल्यासाठी. तमाम महाराष्ट्रात माल पाठवता, तर एक पान मराठीत छापा. कोणत्या तापमानाला ठेवायचं, पिकणाऱ्या फळांपासून लांब ठेवा, एवढं लिहिलं तरी पुरे.

मागवायचे असतील तर सप्टेंबरात नोंद करा, पण कंद डिसेंबरच्या आधी घेऊ नका. आले की त्याच आठवड्यात लावा. लावेपर्यंत फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत, आणि त्या कप्प्यातून सफरचंद, पेरू, टोमॅटो आधी बाहेर काढा.

मी या वर्षी चाळीस सांगितलेत. दहा लाल घ्यायचा विचार होता. सासूबाईंनी गेल्या वेळी पहिलं फूल देवाला वाहिलं होतं, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, पिवळेच आण.